चामड्याची जुनी फ्लाइंग हेल्मेटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उघड्या कॉकपिटच्या विमानात वैमानिक घालायचे त्या चामड्याच्या हेल्मेटबद्दल लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. विचारणारे तीन प्रकारचे असतात: जमवणारे, टायगर मॉथ किंवा स्टिअरमनसारख्या विमानात खरोखर उडणारे, आणि घरातल्या जुन्या ट्रंकेत अचानक एखादं हेल्मेट सापडलेले. तिघांनाही माझं पहिलं सांगणं एकच असतं: हेल्मेट हातात आलं की आधी त्याचे कान बघा. ते कुठल्या काळातलं आहे, कुणासाठी केलं होतं, आज डोक्यावर नीट बसेल का, यातलं बरंचसं कानापाशीच कळतं.

अपघातात हे हेल्मेट डोकं वाचवतं का?

नाही. नाव हेल्मेट असलं तरी काम कानटोपीचं आहे. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं कातडं आणि आत पातळ अस्तर, एवढाच ऐवज. वारा आणि थंडी अडवायची, गॉगलचा पट्टा जागेवर धरायचा आणि ऐकण्याचं साधन कानाला चिकटवून ठेवायचं, यासाठी ते बनलं.

गंमत अशी की अगदी सुरुवातीला कडक हेल्मेटंही होती. १९१० च्या सुमारास फ्रान्समधलं रोल्ड नावाचं जाड, भरावाचं हेल्मेट वैमानिक घालत. इंग्लंडमध्ये वॉरन नावाच्या गृहस्थांनी स्वतःचं संरक्षक हेल्मेट तयार केलं होतं. ते घालून ते भिंतीवर डोक्याने धडक देत असल्याचा १९१२ चा फोटो प्रसिद्ध आहे. तेव्हा विमानं हळू उडायची, जमिनीपासून फार वर जायची नाहीत, आणि उतरताना उलटणं नेहमीचंच होतं. त्यामुळे टोल्यापासून बचाव होणं महत्त्वाचं वाटे. पहिल्या महायुद्धात विमानं हजारो मीटर वर जाऊ लागली, तासन्‌तास वर राहू लागली. आता रोजची गाठ थंडीशी होती, शिवाय मान सारखी वळवून मागे शत्रू बघावा लागे. अशा वेळी मऊ, हलकं, डोक्याला बिलगून बसणारं चामडं सोयीचं ठरलं. पुन्हा कडक कवच आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, जेट विमानांबरोबर.

चामडंच का? लोकरीची टोपी जास्त ऊबदार नसते का?

हवा स्थिर असेल तर असते. लोकरीची ऊब तिच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे असते, आणि ताशी १४० किलोमीटरचा वारा ती हवा बाहेर काढून टाकतो. चामड्यातून वारा आरपार जात नाही. म्हणून बाहेर चामडं आणि आत लोकर किंवा मऊ कातडं, ही जोडी सगळीकडे दिसते.

थोडा हिशेब करून बघा. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. जमिनीवर २५ अंश असेल तर दीड हजार मीटरवर १५ च्या आसपास. त्यावर टायगर मॉथचा वेग, म्हणजे ताशी साधारण १४५ किलोमीटर. वाऱ्याचा त्रास समोरून होतो असं आपल्याला वाटतं, पण उघड्या कॉकपिटमध्ये वारा विंडस्क्रीनवरून पुढे जातो, मागे वळतो आणि मानेवरून कॉलरमध्ये घुसतो. म्हणून चांगल्या हेल्मेटची मागची कड मानेवर बरीच खाली येते. नकली हेल्मेटं हमखास इथेच आखूड असतात.

आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांना रोटरी इंजिन होतं, म्हणजे सिलिंडरांसकट अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. त्याला वंगण म्हणून एरंडेल तेल लागे, आणि ते तेल परत टाकीत न येता धुरासोबत बाहेर उडायचं. वैमानिक उतरायचा तेव्हा चेहरा, गॉगल, टोपी सगळं एरंडेलाने माखलेलं असायचं. चामडं फडक्याने पुसता येतं. तेलात भिजलेली लोकरीची टोपी कशी पुसणार?

कानावरचे ते गोल कप्पे कशासाठी?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार आहे.

पहिल्या पिढीच्या हेल्मेटांना कानावर नुसती पट्टी असायची, फार तर एक झडप. झडप उघडली की थोडं ऐकू येई, बंद केली की वारा थांबे. ऐकण्यासारखं तेव्हा इंजिनाशिवाय काही नव्हतंच. शिकवणारा आणि शिकणारा मागेपुढे बसत. शिकवणाऱ्याला काही सांगायचं तर खांद्यावर थाप, हातवारे, नाहीतर इंजिन मंद करून ओरडणं.

१९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथे मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी वैमानिक-शिक्षणाची पद्धतच बदलून टाकली. त्या शाळेतून बोलण्याची एक नळी पुढे आली आणि गावाच्या नावाने तिला गॉस्पोर्ट ट्यूब म्हणू लागले. वीज नाही, तार नाही. शिक्षकाच्या तोंडाशी एक नरसाळं, त्यातून निघालेली रबरी नळी आणि विद्यार्थ्याच्या हेल्मेटमध्ये दोन्ही कानांशी तिची टोकं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचंच तत्त्व. इतकी साधी वस्तू, पण दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेतले शिकाऊ वैमानिक स्टिअरमनमध्ये हीच नळी लावून बसायचे. एखाद्या हेल्मेटच्या कानाशी नळी जोडण्यासाठी आखूड धातूचं किंवा रबरी तोंड दिसलं, तर ते बहुधा शिकाऊ वैमानिकाचं आहे. अशी हेल्मेटं लढाऊ हेल्मेटांइतकी मागणीत नसतात. मला मात्र ती फार जवळची वाटतात. कुणाच्या तरी पहिल्या एकट्या उड्डाणाआधीच्या सगळ्या सूचना त्या भोकांतून गेल्या आहेत.

रेडिओ आला तसा कान फुगला. ब्रिटिश हवाई दलाचं १९३० च्या दशकातलं टाइप बी घ्या. कानाभोवती भराव घातलेली जाड चामडी वळकटी, तिला धातूची चेन, आणि चेन उघडली की आत टेलिफोनचा रिसीव्हर बसवायची जागा. १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमधल्या, म्हणजे ब्रिटनवरच्या जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धच्या लढाईतल्या फोटोंत हेच दिसतं. १९४१ पासून आलेल्या टाइप सीमध्ये ती वळकटी गेली आणि रबरी कप आले, म्हणून त्याचा कान आटोपशीर दिसतो. अमेरिकन ए-११ चेही कप रबरीच. जर्मन एलकेपी डब्ल्यू १०१ मध्ये कानावर कडक गोल उंचवटे आणि गळ्याशी दोन मायक्रोफोन. ते घशाच्या कंपनांवरून आवाज टिपायचे, त्यामुळे वाऱ्याचा प्रश्नच मिटायचा. त्या नावातला डब्ल्यू म्हणजे हिवाळी, लोकरीच्या अस्तराचं. एस म्हणजे उन्हाळी कापडी आणि एन म्हणजे जाळीचं.

खरं जुनं आणि नंतर केलेली नक्कल कशी ओळखायची?

एकाच खुणेवर निर्णय देऊ नका. मी या क्रमाने बघतो.

आधी अस्तर. डोक्यावर घातलेल्या हेल्मेटचं अस्तर कपाळाशी काळपट झालेलं असतं, कारण केसांचं तेल आणि घाम तिथेच मुरतो. टाळूवर तो डाग फिका होत जातो. मुद्दाम जुनं केलेल्या मालात डाग सगळीकडे सारखा असतो, किंवा बाहेर भरपूर झीज आणि आत अस्तर कोरं करकरीत. बाहेरून घासता येतं हो, पण दहा वर्षांचा घाम कुठून आणणार?

मग घड्या. हेल्मेट वर्षानुवर्षं दुमडून खिशात किंवा पिशवीत राहिलं असेल, तर मध्यावरून एक सरळ मोड पडते आणि त्या रेषेवरचा रंग उडालेला असतो. मोड खरी असेल तर ती अस्तरातही त्याच जागी असते.

नंतर दोरा. त्या काळात शिवण सुती किंवा तागाच्या दोऱ्याची. काळोखात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर नव्या काळातले बरेच दोरे आणि कापडी लेबलं निळसर पांढरी चमकतात, कारण त्यांत चमक आणणारी रसायनं असतात. त्यांचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतर पसरला. दोरा चमकला तर शंका घ्या. मात्र न चमकणारा दोरा हा अस्सलपणाचा दाखला नव्हे. शिवाय जुन्या हेल्मेटवर नंतर दुरुस्ती झालेली असू शकते, किंवा चमक साबणाच्या पावडरची असू शकते. म्हणून एकाच टाक्यावर न थांबता चार-पाच ठिकाणी बघा.

शेवटी शिक्के. ब्रिटिश हेल्मेटवर राजमुकुट आणि खाली ए एम ही एअर मिनिस्ट्रीची अक्षरं असतात. लेबलवर २२ सी ने सुरू होणारा भांडार क्रमांक मिळतो, कारण उड्डाणाच्या कपड्यांचा तो विभागच होता. शिक्का सगळ्यात शेवटी बघायचं कारण सरळ आहे: नक्कल करणारा सगळ्यात आधी तोच उमटवतो.

एकदा मी स्वतः शिक्क्याला भुललो होतो. टाइप बी म्हणून घेतलेल्या हेल्मेटचा मुकुट अगदी ठळक, सुबक होता. घरी आल्यावर कानाची चेन उघडली आणि आतला भराव पांढराशुभ्र फोम निघाला. विकणाऱ्याने बाहेरून सगळं जमवलं होतं, चेन कुणी उघडेल असं त्याला वाटलं नव्हतं. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी कानात बोट घालून बघतो आणि तुम्हीही ते करावं.

“दुसऱ्या महायुद्धातलं” म्हणून मिळालेल्या हेल्मेटवर रशियन किंवा पोलिश अक्षरं आहेत. हे काय आहे?

बहुतेक वेळा १९५० नंतरचं लष्करी शिल्लक सामान. पूर्व युरोप, सोव्हिएत संघ आणि चीनमध्ये चामड्याची हेल्मेटं पुढे कित्येक दशकं वापरात होती, त्यामुळे ती मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. त्यांत कमीपणा काही नाही. कातडं बऱ्याचदा उत्तम असतं, शिवण भक्कम असते. फक्त १९५० नंतरच्या हेल्मेटला १९४० ची किंमत देऊ नका.

जुनं अस्सल हेल्मेट घालून आज उडावं का?

माझं मत स्पष्ट आहे: नाही. ऐंशी वर्षांचं कातडं ताणलं की शिवणीच्या भोकांच्या रांगेवर फाटतं, पोस्टाची तिकिटं फाटतात तसं. आणि हनुवटीचा पट्टा हवेत तुटला तर हेल्मेट आणि गॉगल दोन्ही मागे उडतात, तिथे शेपटीचे पृष्ठभाग असतात. पुशर प्रकारच्या विमानात प्रोपेलर वैमानिकाच्या मागे असतो, तिथे तर उडालेली कुठलीही वस्तू थेट पात्यांत जाते.

उडण्यासाठी नवं शिवलेलं घ्या. जुनं जमिनीवर, फोटोपुरतं, आणि तेही डोकं त्यात सहज जात असेल तरच.

माप कसं घ्यायचं?

टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. हा घेर. पण या हेल्मेटसाठी तेवढं पुरत नाही. दुसरं माप एका कानाच्या पाळीखालून टाळूवरून दुसऱ्या कानाच्या पाळीपर्यंत घ्या. घेर जुळूनही हे माप चुकलं तर कानाचे कप कानावर न येता गालावर किंवा कानशिलावर येतात, आणि मग ते हेल्मेट काही कामाचं नाही.

जुनं घेत असाल तर लेबलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कातडं आटलेलं असतं. विकणाऱ्याकडून आतल्या घेराचं प्रत्यक्ष माप मागवा. अमेरिकन हेल्मेटांवर लहान, मध्यम, मोठं असे शब्द असतात, ब्रिटिश हेल्मेटांवर क्रमांक. दोन्हींत आजच्या मोठ्या डोक्यांना बसणारी मापं कमी सापडतात आणि म्हणून महाग असतात.

नव्या हेल्मेटची परीक्षा सोपी आहे. घाला, पट्टा लावा, जोरात मान हलवा. मग दोन्ही खांद्यांवरून मागे बघा. कान जागेवरून सरकले नाहीत आणि हनुवटीखाली दोन बोटं जातात, म्हणजे माप बरोबर. पहिल्या दिवशी थोडं आवळ वाटलं तरी चालेल, कातडं डोक्याचा आकार घेतं.

केस लांब असतील किंवा पगडी असेल तर?

लांब केसांचा अंबाडा हेल्मेटच्या खालच्या कडेच्या बाहेर, मानेवर ठेवा. आत कोंबला तर हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि कान निसटतात. पगडीसाठी हेल्मेट मुद्दाम शिवून घ्यावं लागतं, आणि तशी परंपरा जुनी आहे. हरदित सिंग मलिक १९१७ मध्ये ब्रिटिश रॉयल फ्लाइंग कोरमध्ये दाखल झाले, सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानातून लढले, आणि पगडी न उतरवता वरून घालता येईल असं मोठं हेल्मेट त्यांनी करून घेतलं होतं.

यात आजचा रेडिओ हेडसेट बसतो का?

बसतो, आणि बसवायलाच हवा. उघड्या कॉकपिटमधला आवाज १०० डेसिबलच्या घरात सहज जातो. कानाला आठ तास सोसवणारी मर्यादा ८५ डेसिबल धरली जाते आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला मिळतात फक्त १५ मिनिटं. मिलिमीटरभर चामडं त्यात काही फरक पाडत नाही. जुन्या वैमानिकांतले अनेकजण म्हातारपणी कानाने अधू झाले, ते उगाच नाही.

दोन मार्ग आहेत. एक, हेडसेटचे कप वरच्या पट्टीतून काढून हेल्मेटच्या कानांत बसवायचे. त्यासाठी कानांना पुरेसे मोठे खिसे किंवा गोल भोकं असलेलं हेल्मेट लागतं. दुसरा मार्ग म्हणजे पातळ चामडी टोपी आणि तिच्यावरून नेहमीचा हेडसेट. हा दिसायला तितका देखणा नाही, पण ज्यांच्याकडे हेल्मेट एकच आणि विमानं तीन आहेत त्यांच्यासाठी सोयीचा.

कप आत बसवताना एक चूक फार जण करतात. हेडसेटमध्ये कप कानावर दाबून धरण्याचं काम वरची स्प्रिंगची पट्टी करते. ती काढली की दाब फक्त हेल्मेटच्या चामड्याचा. हेल्मेट सैल असेल तर कप आणि कान यांत फट राहते आणि त्या फटीतून सगळा आवाज आत. म्हणून हेडसेटसाठी हेल्मेट घेताना कप बसवूनच माप बघा, रिकामं घालून नव्हे. कानावरून मागे जाणारा छोटा आवळपट्टा असेल तर उत्तम. चष्म्याची काडीही अशीच फट पाडते. पातळ, सरळ काडीची फ्रेम वापरा.

मी बोललो की समोरच्याला फक्त वारा ऐकू येतो. काय करू?

मायक्रोफोन ओठांना टेकवा. जवळ नाही, टेकवा. त्यावर फोमचं जाड बोंडूक आणि त्यावर शक्य असेल तर पातळ चामडी टोपण घाला. इंटरकॉम आवाजाने आपोआप सुरू होणारा असेल तर वाऱ्यामुळे तो सतत चालू राहतो. त्याची संवेदनशीलता कमी करा, नाहीतर बटण दाबून बोलण्याची सोय करून घ्या. मी बटणाच्या बाजूचा आहे.

गॉगल कुठला?

उडायला जाणार असाल तर न फुटणाऱ्या आधुनिक काचेचा. जुन्या गॉगलची काच फुटली तर तुकडे डोळ्यात जातात, आणि दोन काचांमध्ये पातळ थर घातलेल्या जुन्या भिंगांचा तो थर पिवळा पडून कडेने सुटू लागलेला असतो. गॉगलचा पट्टा हेल्मेटच्या मागच्या टिचबटणाच्या पट्टीखालून घ्यायला विसरू नका. ती पट्टी शोभेची नाही. विमानाबाहेर डोकं काढून खाली बघताना वारा गॉगलच्या कडेत शिरतो आणि तो उचलून नेतो, तेव्हा एवढी एक पट्टीच त्याला धरून ठेवते.

मोटारसायकलवर किंवा पॅराग्लायडिंगला हेच चालेल का?

अजिबात नाही. तिथे टोला बसण्याचा धोका आहे आणि हे टोल्यासाठी केलेलंच नाही. अल्ट्रालाइट म्हणजे अगदी हलक्या, उघड्या विमानातही कडक हेल्मेटच घाला.

जुन्या हेल्मेटला तेल लावावं का?

हात आवरा. चामडं सुकलेलं दिसलं की तेल चोळायची आपल्याला सवय आहे, चपलांना लावतो तसं. संग्रहातल्या वस्तूंना ते नको. नीट्सफूट तेल, मिंक तेल, खोबरेल, काहीही असो, ते कातड्यात उतरतं, रंग काळवंडवतं, अस्तरात पाझरतं आणि पुढे धूळ धरून चिकट होतं. आत गेलेलं तेल परत काढता येत नाही. एका सुंदर फिक्या तपकिरी हेल्मेटच्या कानावर मी अशीच दोन बोटं तेल लावलं होतं. तो डाग आज पंधरा वर्षांनीही तिथेच आहे, आणि अस्तराच्या आतूनही दिसतो.

काय करावं? मऊ ब्रशने शिवणीतली धूळ झटका. अगदी किंचित ओलसर सुती फडकं कोपऱ्यात लावून बघा. रंग उतरला नाही तर बाकीचं हलक्या हाताने पुसा. साबण नको. पुसण्याआधी एक तपासणी मात्र करा. पृष्ठभागावरून बोट फिरवल्यावर लालसर भुकटी हाताला लागते का? लागत असेल तर तो रेड रॉट आहे. झाडांच्या सालीने कमावलेल्या जुन्या चामड्यात हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे आम्ल तयार होतं आणि कातडं भुसभुशीत होत जातं. त्यावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, पडला तिथे ते काळं आणि कडक होईल. अशी वस्तू चामड्याचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी. क्रोमने कमावलेल्या चामड्याला हा रोग सहसा लागत नाही, आणि टाइप बी, टाइप सी क्रोम चामड्याची आहेत, म्हणूनही ती इतकी टिकली.

टिचबटणांभोवती हिरवं मेणासारखं काहीतरी जमलं आहे.

पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांच्या संयोगाने तो थर येतो. लाकडी दातकोरणीने हळूच खरवडून काढा, मग कोरड्या कापसाने पुसा. लोखंडी सुई किंवा ब्रासो नको. ब्रासो बटण चमकवतं आणि भोवतालच्या चामड्यावर पांढरं कडं सोडतं. हिरवं वर्ष-दोन वर्षांनी परत येतं, तेव्हा परत काढायचं. बटण उघडताना चामडं धरून ओढू नका. नख बटणाच्या अगदी खाली घाला आणि दुसऱ्या हाताने खालची बाजू दाबून धरा. फाटलेली निम्मी हेल्मेटं याच एका ओढीने फाटलेली असतात.

लोकरीच्या अस्तराला कसर लागली तर?

हेल्मेट स्वच्छ पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड चामड्यावर दव धरतं. गॉगल, रबरी कप, रिसीव्हर आधी काढून घ्या. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही. तो वास अस्तरातून जातच नाही.

ठेवायचं कसं?

दुमडून नाही, खिळ्याला पट्ट्याने टांगून तर मुळीच नाही. आतून आम्लविरहित पातळ कागदाचे बोळे भरून डोक्याचा आकार द्या. वर्तमानपत्र नको, ते आम्लधर्मी असतं आणि शाईही सोडतं. ऊन लागू देऊ नका. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर बुरशीही येत नाही आणि कातडं तडकतही नाही. प्लास्टिकच्या बंद पिशवीत कायमचं ठेवू नका. रबराचे भाग वेगळे ठेवा. जुनं रबर गंधकाचे वायू सोडतं आणि शेजारच्या धातूला काळं पाडतं.

शिवण उसवली आहे. चांभाराकडून शिवून घेऊ का?

नवं, उडायचं हेल्मेट असेल तर जरूर. कारागीर चांगला असेल तर तो मूळच्याच भोकांतून आरी घालेल, नवी भोकं पाडणार नाही. तेवढं सांगून ठेवा. जुन्या हेल्मेटला यंत्राची शिवण नको. उसवलेला भाग आतून आधार देऊन तसाच राहू द्या. उसवलेल्या शिवणीतून आतला भराव दिसतो, आणि तो दिसणं हाही एक पुरावा असतो.

विकणारा म्हणतो, हे अमुक प्रसिद्ध वैमानिकाचं हेल्मेट आहे. खरं मानू का?

कागद मागा. कागद नसेल तर फोटो मागा. फोटोही नसेल तर किंमत साध्या हेल्मेटचीच द्या.

अमेरिकन वैमानिक अमेलिया एअरहार्टच्या हेल्मेटचं उदाहरण यासाठी फार शिकवणारं आहे. १९२८ मध्ये अटलांटिक पार करताना घातलेलं तिचं चामडी हेल्मेट पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडमध्ये, महिलांच्या विमान शर्यतीच्या वेळी हरवलं. ते एका घरात दशकानुदशकं राहिलं. घरच्यांना ते कुणाचं आहे हे ठाऊक होतं, पण निव्वळ सांगण्यावर कुणी विश्वास ठेवेना. शेवटी जुन्या फोटोंतल्या खुणा प्रत्यक्ष वस्तूशी ताडून बघितल्या गेल्या आणि ओळख पटली. २०२२ मध्ये लिलावात त्याला ८,२५,००० डॉलर मिळाले. कातडं तेच, शिवण तीच. किंमत बदलली ती फोटोमुळे. म्हणून एखादं हेल्मेट घरातूनच आलं असेल, तर ते घातलेल्या माणसाचे सगळे फोटो आत्ताच शोधून त्याच्याबरोबर ठेवा. चामड्यावरचा एखादा ओरखडा, टाक्याची वाकडी रेघ किंवा पट्ट्याचं जास्तीचं भोक फोटोत जुळलं, तर त्याहून मोठा पुरावा नाही.

आतल्या बाजूला शाईने कुणाचं तरी नाव लिहिलंय, अर्धवट पुसलेलं. साफ केलं तर हेल्मेट जास्त चांगलं दिसेल का?

हात लावू नका. ओलं फडकं त्याच्या आसपासही नेऊ नका. तिरप्या उजेडात धरा, वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा, आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली एकदा बघा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरं कधीकधी तिथे उमटतात. दोन-तीन अक्षरं आणि एखादा सेवा क्रमांक मिळाला तर लष्करी नोंदींमधून माणूस सापडू शकतो. माझ्याकडच्या एका टाइप सीमध्ये डाव्या कानाच्या कपाखाली चार अक्षरं आणि तीन आकडे आहेत, बाकीचं घामाने गेलंय. मी अजून शोधतोय.